मदत हवी आहे : बड्या देशाला जाब कोण विचारणार?

मंडळी, मी मालवणचा. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हापासून जेटीवरच्या गजालीत कोळंबीच्या भावासोबत ट्रम्पही असतोच. जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागता येते म्हणे. पण तिचं अपील मंडळ डिसेंबर २०१९पासून ठप्प आहे, कारण नव्या नेमणुका अमेरिकेनेच अडवल्या. सरपंचाला निदान ग्रामसभेत तरी धरता येतं! काका म्हणतात, "मोठ्यांका कोण इचारतलो?" मला नाही पटत. अपील मंडळ नसताना एखाद्या लहान देशाने बड्याविरुद्ध निकाल मिळवून खरंच काही पदरात पाडून घेतलंय का? जाणकारांनी सोप्या मराठीत सांगा. काकांना दाखवायचं आहे. पक्षांची भांडणं मात्र इथे नकोत, ती जेटीवर पुरेशी होतात.