मदत हवी आहे: बल्क कूलरचं तापमान जागेवर कळायला काफ्का लागतं का?

नमस्कार मंडळी. भूम तालुक्यात आमची पाच गावांत दूध संकलन केंद्रं आहेत, प्रत्येक ठिकाणी एक बल्क कूलर, म्हणजे दूध थंड करणारी मोठी टाकी. संध्याकाळचं दूध ४ डिग्रीला आणायचं आणि सकाळी टँकरला द्यायचं, एवढाच धंदा.

मागच्या महिन्यात एका केंद्रावरचं ११०० लिटर गेलं. टँकरवाल्यानं झाकण उघडलं, वास घेतला आणि न बोलता परत लावलं. पोराला विचारलं तर, "मालक, मी जाताना कॉम्प्रेसर चालूच हुता की!" खोटं बोलत नव्हता. कूलरचं तापमान नोंदवणाऱ्या लॉगरमधला डेटा एक्सेलमध्ये उघडला तेव्हा कळलं. रात्री ८ वाजून १० मिनिटांनी व्होल्टेज पडून कॉम्प्रेसर ट्रिप झाला आणि तिथून पहाटेपर्यंत २१.४, २१.४, २१.५. सरळ रेघ. यंत्र दर १० सेकंदाला इमानदारीत लिहीत बसलेलं, वाचायला कुणी नाही. सकाळी मी वाचला तो निव्वळ पंचनामा.

मग ६ डिग्रीच्या वर गेलं की मेसेज करणारं सिमवालं यंत्र लावलं. तर रोज संध्याकाळी दूध पडायला लागलं की पाचही केंद्रांचे मेसेज सुरू. धारेचं दूध गरमच असणार ना! चौथ्या दिवशी मीच ते बंद करून टाकलं.

पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये असलेला भाचा म्हणतो, "मामा, काफ्का बसवू." म्हणजे नोंदी येतील तशा लगेच पुढं पोचवणारं सॉफ्टवेअर. क्लाउडचं महिन्याचं भाडं ऐकून आमचे आण्णा म्हणले, "म्हशी विकून कूलर राखायचा का?" जाणकारांनी सांगावं, एवढं लागतं का? आणि खोट्या मेसेजांचं काय करू?

प्रतिसाद १ (संभाजीनगरहून)

काफ्का वाईट नाही. लिंक्डइनमध्ये तयार झालं, २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, बनवणाऱ्या तिघांत आपल्या पुण्याच्या नेहा नारखेडे आहेत. पण ते सेकंदाला लाखो नोंदी येतात तिथलं काम. तुमचे पाच कूलर मिळून दिवसाला ४३,२००, म्हणजे दोन सेकंदाला एक. एवढ्याला एमक्यूटीटी (यंत्रांनी सर्व्हरमार्फत छोटे निरोप पाठवायची पद्धत) आणि सर्व्हर म्हणून घरातला जुना कॉम्प्युटर पुरतो. एमक्यूटीटी १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत नजर ठेवायला बनवलं, लाइन महाग आणि तुटकी असणार हे धरूनच. भूमच्या रेंजला शोभेल असं.

खरी गोम नियमात आहे. तापमान किती आहे ते सोडा, उतरतंय का ते बघा. शेवटचं माप कधी पडलं ते वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरला माहीत असतं. ती वेळ आणि तापमान एकत्र आणा. शेवटच्या मापानंतर ४ डिग्री गाठेपर्यंत कुठल्याही अर्ध्या तासात एक डिग्रीसुद्धा उतरलं नाही, की वाजवा. तुमची २१.४ ची रेघ पावणेनऊच्या आत सापडली असती आणि दूधही वाचलं असतं.

प्रतिसाद २ (लातूरहून)

आमच्या डाळ मिलच्या मोटारींना हेच लावलंय. एक सांगतो, लाइट गेली की राउटरही जातो, मग काहीच येत नाही आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. एमक्यूटीटीत 'लास्ट विल' म्हणून सोय आहे. यंत्र जोडतानाच आपलं मृत्युपत्र सर्व्हरकडे ठेवतं, अचानक संपर्क तुटला की सर्व्हर ते सगळ्यांना वाचून दाखवतो. ते चालू करा. आणि मेसेज नको, फोन वाजवा. झोपेत मेसेज कोण वाचतंय?

धागाकर्ता

दोघांचे आभार. मृत्युपत्राचं आण्णांना लई आवडलं. काट्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. तो म्हणतो, डेटा रात्री बिलं काढताना एकदमच बाहेर निघतो, मधे नाही. म्हणजे गाडी परत तिथंच! काट्यामागं नऊ पिनांचं एक सॉकेट आहे, तिथून वजन थेट वाचता येईल का? कुणी केलंय? फोटो उद्या टाकतो, आता संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली.