मदत हवी आहे: फ्लाय फिशिंगच्या (बनावट माशी लावून मासे धरण्याच्या खेळाच्या) राष्ट्रीय निवड चाचणीसाठी तळ्याची तयारी

नमस्कार मंडळी, चाचणी स्पर्धा फीप्स-मूशच्या (या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांनी होणार आहे, म्हणजे जागतिक स्पर्धेसारखीच: तीन-तीन तासांची पाच सत्रं, बार्बलेस (उलटा काटा नसलेला) गळ, मासा मोजून लगेच पाण्यात परत.

नदीची मला चिंता नाही. निम्फ (पाण्याखाली बुडणारी, किड्याच्या अळीसारखी माशी) लावून उथळ खळाळात लहान ट्राउट मिळत राहतात, आणि लहानांवरच भर द्यायचा असं माझं ठाम मत आहे. माशाला १०० गुण आणि दर सेंटिमीटरला २०. ४० सेंमीचा एक मासा ९०० देतो, २२ सेंमीचे दोन १०८०. (फोटोत मात्र मोठाच शोभतो!)

घोडं अडतंय ते तळ्यावर. तिथे होडी वाऱ्याबरोबर वाहत जाते आणि आपण पुढे फेकत राहायचं. वारा पडला, पाणी आरशासारखं झालं, की मासे माशीमागे येतात, नुसते वळतात आणि जातात. अशा वेळी तुम्ही आधी काय बदलता: दोरीची खोली, माशी की ओढण्याचा वेग? ड्रोग (होडीमागे पाण्यात ओढत ठेवायची कापडी छत्री) टाकून होडी किती मंद करावी? आणि होडीत दुसरा स्पर्धक असतो, त्याच्याशी पाण्याचा पट्टा वाटून कसा घेता?

प्रत्येक सत्रात आपल्या सेक्टरमधल्या (नदीच्या किंवा तळ्याच्या ठरवून दिलेल्या भागातल्या) क्रमांकांची बेरीज ज्याची कमी तो पुढे, त्यामुळे तळ्यावरचं एक सत्र कोरडं गेलं तरी नदीवरची कमाई धुऊन जाते. संघात जागा पाचच, शिवाय एक राखीव. निवड समितीत बसलेलं कुणी इथे असेल तर एवढं सांगा: एखादा पहिला क्रमांक जास्त भाव खातो की सगळीकडे मधला?