ईसीएचएस असताना बायकोसाठी वेगळी पॉलिसी? माझं मत: पैसे पाण्यात

माजी नायब सुभेदार, विजापूर रोड
१९९९ ला पेन्शन आलो. एप्रिल २००३ मध्ये ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) निघाली तेव्हा एकदाच पैसे भरून मेंबर झालो. आता मी ७१ चा, मंडळी ६४ ची. चार वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. शुगर आधीपासूनच. व्हीलचेअरवर असते. पोरगा हिंजवडीत. यंदा गड्ड्याच्या यात्रेला आला तो पॉलिसीचे कागद घेऊनच. दहा लाखांचं कव्हर, हप्ता वर्षाला ४१ हजार.

माझं म्हणणं सरळ आहे. ईसीएचएसला वयाची अट नाही, आधीचा आजार चालतो, वर्षाला हप्ता नाही, खर्चाला अमुक लाखांची वेस नाही. गोळ्याही तिथूनच मिळतात. मग ४१ हजार कंपनीला कशाला देऊ? बँकेत टाकतो, अडीनडीला तिच्याच कामी येतील. पोरगा म्हणतो, "अप्पा, तुम्ही अजून फौजेतच आहात." इथल्या लोकांनी सांगावं, चुकतंय कुणाचं.

हिंजवडीतला दुसरा
अप्पा, मी तुमच्या पोराच्या बाजूने. माझे वडील हवालदार होते. ते गेल्यावर आई फॅमिली पेन्शनवर, ईसीएचएस चालू. मागच्या पावसाळ्यात रात्री दोनला तिला धाप लागली. ईसीएचएसच्या यादीतल्या एका दवाखान्यात नेलं (नाव घेत नाही). कार्ड बघितलं आणि म्हणाले, बेड शिल्लक नाही. शेजारच्या बाईंना त्याच वेळी बेड मिळाला, त्यांच्याकडे कंपनीची पॉलिसी होती. सरकारकडून बिलं उशिरा निघतात म्हणून दवाखाने हात आखडतात, हे आपल्याला कळतं. पण त्या रात्री ते कळून उपयोग काय? योजना कागदावर सोन्यासारखी आहे. प्रश्न दाराशी उभं राहिल्यावरचा आहे.

माजी नायब सुभेदार, विजापूर रोड
मग यादीबाहेरच्या दवाखान्यात न्यायचं होतं की! इमर्जन्सीत कुठंही भरती करता येतं. दोन दिवसांच्या आत ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं, बिल नंतर मिळतं.

हिंजवडीतला दुसरा
मिळतं, पण सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेने ठरवलेल्या दराने. मी भरले १ लाख ८० हजार, हातात आले त्याच्या निम्म्याहून कमी. उरलेले कुणाचे?

विमा विकतो, तरी खरं सांगतो
माझा धंदा आहे हा, त्यामुळे खरं तर पोराची बाजू घ्यायला हवी. पण पोराला विचारा, फॉर्ममध्ये "स्ट्रोक झालाय" असं लिहिलंय का? लिहिलं असेल तर बहुतेक कंपन्या प्रस्तावच परत पाठवतात. ज्या घेतात त्या आधीच्या आजारासाठी थांबायला लावतात. १ एप्रिल २०२४ पासून ही मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं केलीय, पूर्वी ४ होती. म्हणजे काकूंचं ज्याच्यासाठी दुखतंय, नेमकं तेच तीन वर्षं बाहेर. आणि लिहिलंच नसेल तर आणखी वाईट. हप्ते जातील आणि क्लेमच्या दिवशी डिस्चार्ज पेपर काढून दाखवतील.

दिव्यांगांसाठी प्रत्येक कंपनीने पॉलिसी ठेवलीच पाहिजे, असं इर्डाने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२३ मध्ये बजावलंय. जरूर विचारा, यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) कार्ड लागेल. मात्र त्यातल्या अटी चष्मा लावून वाचा. एक बरं झालं, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला.

जुळे सोलापूरकर
एवढं डोकं कशाला लावता? काका ७१ चे आहेत. आयुष्मान वय वंदना काढा, ५ लाख फुकट, उत्पन्नाची अट नाही. वॉर्डात शिबिर लागलं होतं, आधार दिलं की दहा मिनिटांत कार्ड.

माजी ऑर्डनन्स क्लार्क
थांबा! दहा मिनिटांत कार्ड निघतं खरं, पण ईसीएचएसवाल्याला दोन्ही ठेवता येत नाहीत. एक निवडावं लागतं. आयुष्मान चालतं ते भरती झाल्यावर. घरी लागणाऱ्या रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत, भरतीआधीचे ३ दिवस आणि सुटल्यानंतरचे १५ दिवस एवढंच बसतं. शिवाय वय वंदना सत्तरीपासून पुढे. वहिनी ६४ च्या, त्यांना सहा वर्षं हे कार्डच नाही. ज्यांच्यासाठी चर्चा चाललीय त्याच बाहेर, आणि काका मात्र शिबिरात फोटो काढून येणार.

नऊ वर्षं नोकरी, पेन्शन नाही
तुमचं भांडण वाचून हसू येतं आणि रडूही. मी घरच्या कारणाने फौज लवकर सोडली. पेन्शन नाही म्हणून ईसीएचएस नाही. बायकोला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. आमच्याकडे रेशनकार्ड आणि महात्मा फुले योजना, बस. खासगी पॉलिसी परवडत नाही. तुम्ही दोन छत्र्यांतली कुठली चांगली ते ठरवा.

बार्शीची
सगळे बायकोबद्दल बोलताय. मी ती बायको आहे. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायात कॅलिपर. मालक सुभेदार होते, तीन वर्षांपूर्वी गेले.

ईसीएचएस की पॉलिसी, यावर माझं मत ईसीएचएस. पण काका, तुम्ही जे धरून बसलाय ते "तुमचं" कार्ड आहे. एक सांगा, काकूंचं नाव आणि जन्मतारीख पीपीओमध्ये (पेन्शनच्या आदेशात) आणि आधारवर एकसारखी आहे का? माझ्या पीपीओत माहेरचं नाव होतं, आधारवर सासरचं. मालक असताना कुणाला खटकलं नाही. ते गेल्यावर त्या एका नावासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, बँक आणि रेकॉर्ड ऑफिसला पत्रं, असं सात महिने चाललं. कॅलिपर घालून जिने चढायचे. तोवर दवाखाना खिशातून. दुसरं, नोंदवलेला मोबाइल कुणाचा? मालकांचा होता, सिम बंद झालं, ओटीपी कुणाकडे जाणार?

आणि भरतीचं एवढं काय बोलता? मी तीन वर्षांत एकदाच भरती झाले. बाकी सगळा खर्च घरातला. सांभाळायला येणारी बाई, डायपर, फिजिओथेरपीला जायची रिक्षा. आमच्या सोसायटीत दोन घरी कंपनीची पॉलिसी आहे, त्यातून बाईचा पगार कधी निघाला नाही. ते ४१ हजार बँकेत ठेवणार म्हणता ना? काकूंच्या नावाने ठेवा. एटीएम त्यांच्या उशाशी.

हिंजवडीतला दुसरा
ताई, मोबाइलचं डोक्यातच आलं नव्हतं. आईच्या कार्डाला अजून वडिलांचाच नंबर आहे. उद्याच बघतो.
(तरी रात्री दोनच्या बेडचं उत्तर कुणी दिलेलं नाही.)

माजी ऑर्डनन्स क्लार्क
त्याचं उत्तर असं, की दिवसा दोनला जाऊन विचारून यायचं. यादीतले तीन दवाखाने निवडायचे, ईसीएचएसच्या काउंटरवर बसणाऱ्याचा नंबर घ्यायचा, कागद फ्रिजवर चिकटवायचा. यादी बदलत राहते, दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारायचं. बेडची हमी नाही, पण अंधारात चाचपडणं वाचतं.

माजी नायब सुभेदार, विजापूर रोड
बार्शीच्या ताई, कपाट उघडून पीपीओ काढला. मंडळींचं नाव बरोबर आहे, जन्मतारीख चुकलीय. पीपीओत साल १९६०, आधारवर १९६१. पंचवीस वर्षांत एकदाही बघितलं नाही. सोमवारी सैनिक कल्याणला जातो.

पॉलिसी घेत नाही, यावर ठाम आहे. फॉर्ममध्ये पोराने स्ट्रोक लिहिला नव्हता, एजंटने "राहू द्या" म्हटलं म्हणे. मी फाडला. पोरगा दोन दिवस फोन उचलत नाही.

पैशाचं मंडळींना विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदाच विचारलं हे कबूल करतो. तिला नीट बोलता येत नाही, डाव्या हाताने दाराकडे दाखवलं. दाराला दोन पायऱ्या आहेत. रिक्षात बसवायचं तर शेजारची दोन पोरं हाक मारून आणावी लागतात, म्हणून ती फिजिओला जायला नको म्हणते. मी समजत होतो, कंटाळा करते. गवंड्याला बोलावलंय.

विमा विकतो, तरी खरं सांगतो
काका, गवंडी उतार उभा करून ठेवतात. १ ला १२ सांगा. पायऱ्या मिळून फूटभर असतील तर उतार बारा फूट लांब हवा.

माजी नायब सुभेदार, विजापूर रोड
अंगण नऊच फूट आहे.

बार्शीची
मग मध्ये सपाट जागा सोडून वळवून घ्या. खुर्ची फिरेल एवढी, पाच फूट. आणि कठडा डाव्या हाताला येऊ द्या.