मदत हवी आहे: डग्गा घुमतो, तानपुरा दबतो

सप्रेम नमस्कार. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरणाऱ्या आपल्या पुण्यात गाणे ऐकणाऱ्यांची वानवा नाही. परंतु तेच गाणे घरी कोणत्या स्पीकरवर आणि कसे ऐकावे, याचा विचार करणारा माणूस मला सदाशिव पेठेत अद्याप भेटलेला नाही. बहुतेक स्नेह्यांना मोबाइल पुरतो, आणि त्यात त्यांचे काही चुकते असेही नाही. माझी अडचण अशी, की १० बाय १२ फुटांच्या खोलीत स्पीकर भिंतीलगत ठेवल्यामुळे डग्गा घुमतो आणि तानपुरा त्याखाली दबतो. पुढे सरकवावेत, तर वावरायला जागा उरत नाही. जाड पडदे लावून पाहिले; वरचे स्वर मऊ झाले, खर्ज मात्र तसाच राहिला. यावर कोणी अनुभवाचा उपाय सुचवावा, आणि पुण्यात आपल्या घरची स्पीकरची जुळणी प्रत्यक्ष ऐकवण्यास कोणी तयार असल्यास कृपया कळवावे.