पट कमी म्हणून शाळेला कुलूप, पट जास्त म्हणून व्हरांड्यात वर्ग: नाशिकमध्ये करायचं काय?

सातपूरची_आई
माझी मुलगी चौथीत आहे. तिच्या वर्गात 58 मुलं. शाळा दोन पाळ्यांत भरते, तरी एक तुकडी व्हरांड्यात बसते. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय. माझं माहेर जुन्या नाशकात. तिथली माणसं सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडे राहायला गेली आणि मी शिकले त्या शाळेच्या निम्म्या खोल्यांना कुलपं लागली. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवताना, शिक्षक इकडचे तिकडे होतात, खोल्या कशा हलवणार? शहरात मुलांसाठी बस लावा, गर्दीच्या शाळेतली एखादी तुकडी रिकाम्या इमारतीत भरवा. पाड्यावरची शाळा मात्र नुसता पट बघून बंद करू नका. आधी रस्ता बघा.

पाड्यावरचा_गुरुजी
ताई, शहराचं पटलं. पाड्याचं नाही पटलं. पेठ तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे मी. पट 11, इयत्ता चार. कायद्याने 60 पटापर्यंत दोन शिक्षक मिळतात, पण माझे जोडीदार मतदारयादीच्या कामाला गेले की मी एकटाच. खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती, केंद्रप्रमुखांची बैठक. पहिलीला अक्षरं गिरवायला लावून चौथीला भागाकार शिकवायचा. चौथीत एकच मुलगा आहे. बरोबरीने गणित सोडवायला, भांडायला त्याला कुणी नाही. तीन-चार पाड्यांची मिळून एक धड शाळा झाली, प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळाला, तर या पोराचं भलंच होईल. शाळा जवळ आहे म्हणून शिक्षण होतंच असं नाही. हे मी रोज बघतो, म्हणून लिहितोय.

घोटीकर
गुरुजी, तुमच्या कष्टांना नमस्कार. पण इगतपुरीतली दरेवाडी आठवा. 2023 मध्ये तिथली शाळा बंद केली, तेव्हा मुलं थेट नाशिकला जिल्हा परिषदेवर आली. दप्तरं घ्या आणि आम्हाला शेळ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. त्याच वर्षी सरकारने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचे प्रस्ताव मागवले होते. नियम सांगतो, पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी. आमच्याकडे पावसाळ्यात मध्ये ओढा आला की तो एक किलोमीटर चार महिने बंद असतो. वाहतूक भत्ता खात्यात येईल, पण पाड्यापर्यंत गाडीच पोचत नसेल तर त्या पैशांचं काय करायचं? आणि घरी सगळ्यांत आधी बसते ती मुलगी. माझ्या दोन चुलत बहिणी अशाच बसल्या.

दिंडोरीची_बाई
पटाचा आकडाच फसवा आहे, यावर कुणी बोललंच नाही. संचमान्यतेला 30 सप्टेंबरचा पट धरतात. त्यानंतर पेठ-सुरगाण्याची कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला आमच्याकडे येतात, पोरंबाळं घेऊन. तिकडे शिक्षक आहे, मुलं नाहीत. इकडे माझ्या वर्गात जानेवारीत 15 मुलं वाढतात, शिक्षक मात्र तेवढेच. स्थलांतर करणाऱ्या मुलाला आधीच्या शाळेतून हमीपत्रक मिळतं, ते आणणाऱ्या मुलाला आम्ही लगेच बसवून घेतो. बऱ्याच आयांना ते पत्रक मागायचं असतं हेच माहीत नसतं. हंगामापुरता एक शिक्षक मुलांच्या मागे पाठवला, तर निम्मी ओढाताण थांबेल.

पाड्यावरचा_गुरुजी
बाई, मी यायला तयार आहे! माझी 11 मधली 6 मुलं दिवाळीनंतर तुमच्याच भागात असतात. घोटीकर, ओढ्याचं मी हलकं घेतलं, चुकलं. तरी एका पोरासाठी एक इयत्ता हे मला मान्य नाही. आधी गाडी दारात, मग मुलांचं दुसऱ्या शाळेत समायोजन, असं म्हणा. मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

घोटीकर
गाडी बंद पडली तर शाळा परत उघडणार का? तेही लेखी हवं. एकदा कुलूप लागलं की इमारतीच्या छपराचे पत्रेही राहत नाहीत.

सातपूरची_आई
शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात. गाडी आणि परत उघडण्याची हमी, दोन्ही समितीच्या ठरावात घालून घ्या. आमच्या समितीची सभा शनिवारी आहे. माहेरच्या शाळेतल्या कुलूपबंद खोल्या मोजून आणल्यात मी, सात भरल्या. तो कागद तिथे ठेवणार आहे.