दह्याच्या भांड्यावरचं झाकण आणि बसऱ्याला गेलेले पणजोबा (तुमचे अनुभव लिहा)

वाईकरीण
परवा सर्वपित्रीला गुरुजी नावं विचारत होते. बाबांच्या आजोबांपाशी आल्यावर नेहमीसारखंच झालं, नाव माहीत, गोत्र माहीत, तिथी नाही. "जर्मनच्या लढाईत बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत" एवढंच घरात सगळ्यांना पाठ.

आणि एकदम आजीचं झाकण आठवलं. दह्याच्या भांड्यावर एक गोल जड झाकण असायचं, पंजाएवढं, काळपट पडलेलं. त्यावर एक उभी बाई, हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह. आजी म्हणायची, अंबाबाई हाय, पालथं ठिवू नगं. कडेनं इंग्रजी अक्षरं होती पण ती वाचायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आईला विचारलं तर माळ्यावरून काढून दिलं. चिंच लावून घासलं तर चौकटीत पणजोबांचं नाव!! अंबाबाई म्हणजे ब्रिटानिया निघाली. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरी इंग्रज सरकार ही ब्राँझची थाळी पाठवायचं. "स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला" असं इंग्रजीत लिहिलंय. स्वातंत्र्य कोणाचं ते विचारू नका.

मग रात्री दोनपर्यंत कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात मेलेल्यांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणारे) साइटवर. सापडले. शिपाई, १०३ मराठा लाइट इन्फन्ट्री, अमक्याचा मुलगा, राहणार आमचं गाव (स्पेलिंग असं की आम्हालाच वाचता येईना), सातारा. मृत्यू ऑगस्ट १९१६. म्हणजे लढाईत नाहीच गेले. त्यांची पलटण इराकमधल्या कूतला तुर्कांच्या वेढ्यात होती, ते २९ एप्रिलला पडलं, त्यानंतर तीन-चार महिन्यांनी कैदेत गेले. आणि तारीख पंचांगात घातली तर तिथी आली नागपंचमी. आई गप्पच बसली.

तुमच्याकडे असं काही सापडलंय का? कागद, बिल्ला, काहीही. लिहा.

पक्या सातारकर
ताई आधी एक सांगा, घासलं कशाला?? जुन्या ब्राँझवरचा काळा थर काढायचा नसतो, किंमत जाते.

वाईकरीण
विकायचंय कुणाला दादा. आणि आजीनं चाळीस वर्षं राखेनंच घासलंय ते.

फौजीचा नातू
कूत म्हटल्यावर राहवलं नाही. आमचे आजोबांचे थोरले बंधू तिथेच होते पण ते परत आले. ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा, जवळजवळ पाच महिने. ते सांगायचे की खायला घोडी कापली, आपल्या लोकांनी आधी हात लावला नाही, नंतर लावला. आणि दळायला जातं नव्हतं म्हणून इंग्रजांनी विमानातनं जात्याच्या तळ्या टाकल्या. हे ऐकून अख्खा पार हसायचा. विमानातनं जातं! गावानं त्यांचं नाव 'जातं आप्पा' पाडलं, मरेपर्यंत तेच. मागच्या वर्षी मी कूतबद्दल वाचायला घेतलं तर त्यात सरळ लिहिलंय, विमानातून जात्याचे दगड टाकले होते. आता कुणाला जाऊन सांगू? पारावर बसणारे सगळे गेले. शरण आल्यावर तेराएक हजार माणसं कैद झाली, आपल्या शिपायांना सीरियातल्या रास अल ऐनला रेल्वेच्या कामाला लावलं. कैदेतून पळाले कसे ते मात्र आप्पांनी कधी सांगितलं नाही, विचारलं की तंबाखू मळायला घ्यायचे.

माहेरवाशीण
जातं आप्पा 😭😭 कुकर लावून आले, परत वाचते

लेस्टरचा कुलकर्णी
माझा उलटा अनुभव. इकडे इंग्लंडात १९२१ ची खानेसुमारी जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली, शंभर वर्षं कुलूप असतं. मी पैसे भरून सहज आमच्या घराचा पत्ता टाकला. शंभर वर्षांपूर्वी माझ्या बेडरूममध्ये कोण झोपायचं ते मला आता माहीत आहे. नवरा मोज्यांच्या कारखान्यात, कारखान्याचं नावसुद्धा आहे, चार मुलं, एक विधवा मावशी. (१९३१ ची बघायला मिळणार नाही, ती १९४२ मध्ये आगीत जळली.) आणि माझा स्वतःचा खापरपणजा मिरजेत काय करत होता, देव जाणे. आपल्याकडे १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी शिरगणती झाली, कुठल्या तालुक्यात किती आंधळे किती विधवा सगळं छापलं, पण घरोघरची नावं लिहिलेले कागद ठेवलेच नाहीत. परक्या मावशीचं वय मला पाठ आहे, स्वतःच्या आजीचं नाही.

मोडीवेडा
कुलकर्णीकाका, खानेसुमारीच्या नादाला लागू नका, आपल्याकडे गावपातळीला शोधायचं. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक, जन्ममृत्यू त्यात. शाळेचं जनरल रजिस्टर. जुने फेरफार. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला सगळा महाराष्ट्र तहसीलला लोटला तेव्हा माझ्यासारख्या मोडी वाचणाऱ्यांची चंगळ झाली, खोटं कशाला बोलू. लोक जात शोधायला यायचे आणि भलतंच घेऊन जायचे. एका घरातल्यांनी कोतवाल बुकातलं १९१८ चं पान पुढे केलं. दिवाळीच्या आसपासचे दिवस, मृत्यूचं कारण ताप, खाली ताप, खाली ताप, पान उलटलं तरी ताप. एकाच घरची पाच नावं. तो मुलगा म्हणाला, यात कुणबी कुठे लिहिलंय तेवढं सांगा.
वाचून दाखवलं, पैसे घेतले नाहीत त्या दिवशी.

बाळ्या
मोडी शिकायला किती दिवस लागतात? क्लास आहे का पुण्यात

मोडीवेडा
वाचायला दोन महिने. कारकुनाचं अक्षर लागायला जन्म.

निळाई
आमच्याकडे खापरपणजोबांचा पेन्शनचा कागद होता, त्यात नावाला शेवटी 'नाक'. लहानपणी आम्ही हसायचो. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ ची नावं पहिल्यांदा वाचली, त्यातलीही कितीतरी 'नाक'वाली, तेव्हा हसू थांबलं. त्यांच्यानंतर महारांची भरतीच बंद केली सरकारने, मग पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार उभी केली, आणि काम झाल्यावर १९२१ ला मोडली. आमचे पणजोबा त्या चार वर्षांतले. आजोबा म्हणायचे बापाला पलटणीनं बूट दिले आणि गावात ते काखेत धरून चालावं लागलं. हे कुठल्या शीट रोलवर (शिपायाच्या नोकरीच्या नोंदीचा कागद) सापडणार?

फौजीचा नातू
निळाई 🙏

गुहागरची मावशी
आमच्या शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. बास. आकडेच, नाव एक नाही. आम्ही तिच्यावर पाटीची पेन्सिल घासून टोक काढायचो 🙈

पक्या सातारकर
आमच्या अपशिंग्याला या, अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या युद्धात ४६ जण गेले एका गावातून. अजून घरटी एक फौजेत.

नाव नको
मी लिहू की नको विचार करत होते. पणजोबा वारल्यावर पणजीला पेन्शन सुरू झाली असं घरात सांगायचे. काकांनी खटपट करून जुना उतारा मिळवला, त्यात दोन वर्षांनी पेन्शन बंद, कारण काय तर बाईने पाट लावला. कोणाशी, तर धाकट्या दिराशी. म्हणजे ज्यांना आम्ही चुलत पणजोबा म्हणून हार घालतो तेच आमचे सख्खे पणजोबा असावेत, आजोबांचं जन्मसाल बघता. आत्या काकांशी बोलत नाही तेव्हापासून. कागद आणलास कशाला म्हणते. मला तर पणजीचं कौतुक वाटलं, एकोणीस वर्षांची होती, काय करायचं तिनं.

माहेरवाशीण
कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, मी इथेच. नाव नको ताई, आमच्यात पण असंच झालंय, फक्त कागद नाही म्हणून सगळे सुखात आहेत.

मोका ते मालवण
थोडं वेगळं. मी दोन वर्षं मॉरिशसला होते नोकरीनिमित्त. तिथे मोक्याला महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिट्यांची (करारावर मजुरीला नेलेल्यांची) रजिस्टरं आहेत. नंबर, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव, जहाज. काहींचे फोटो पण. माझी शेजारीण चौथ्या पिढीची मराठी, घरात क्रिओल बोलते पण गणपतीला मोदक करते. तिच्या पणजोबांच्या नोंदीत 'डाव्या भुवईवर व्रण' लिहिलेलं, ती आरशात जाऊन आपली भुवई बघून आली! रत्नागिरीचं स्पेलिंग असलं भयानक होतं की गाव ओळखायला आम्हाला एक संध्याकाळ लागली, मोठ्यांदा वाचलं तेव्हा कळलं. वाईकरीण ताई, तुम्ही पण तुमच्या गावाचं स्पेलिंग इंग्रज बोलल्यासारखं मोठ्यानं वाचा.

वाईकरीण
वाचलं! आलं!! थँक्यू.

बाकी बसऱ्याचं स्मारकही बघितलं. म्हणजे फोटोत. त्याच्यावर पणजोबांचं नाव नाही. तिथे इंग्रजांची नावं कोरलीत, आपले अधिकारी पण आहेत, साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. गुहागरच्या मावशींच्या पाटीसारखंच. नाव फक्त रजिस्टरात. वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं २०२१ मध्ये स्वतःच कबूल केलंय की हा भेदभाव झाला. ते स्मारक पण १९९७ ला मूळ जागेवरून उचलून बत्तीस किलोमीटरवर वाळवंटात नेऊन ठेवलंय. म्हणजे नाव नीट कोरलेलं असं एकच ठिकाण, आजीचं दह्याचं भांडं.

आता घरात वाद, पुढच्या वर्षीपासून श्राद्ध पंचमीला करायचं की नाही. बाबा म्हणतात तिथी कळलीय तर करायचं. आई म्हणते शंभर वर्षं सर्वपित्रीला येऊन जेवतोय, आता एकदम दिवस बदलला तर त्याला कोण कळवणार.

फौजीचा नातू
आई बरोबर बोलतात. दोन्ही दिवशी करा, खीर जास्त लागेल एवढंच.

बाळ्या
मग दह्यावर आता काय ठेवता?

वाईकरीण
स्टीलची ताटली. बसत नाही नीट. काल मांजरानं खाल्लं सगळं.