विकसनशील देशांतल्या मुलांसाठी वाढीचा तक्ता वेगळा असायला नको का?

लेकीचीआई

माझी मुलगी नुकतीच दोन वर्षांची झाली. लसीकरणाला नेलं तेव्हा उभी करून उंची मोजली, ७९.५ सेंमी. वजन १० किलो. तिथल्या ताईंनी तक्त्यात बघून कार्डावर ‘वयाच्या मानाने उंची कमी’ असा शेरा मारला आणि पुढच्या महिन्यात परत आणायला सांगितलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मुलगी खेळती आहे, दिवसभर बडबड चालू असते, अंगाने चांगली गोल आहे. तिला बघून कुणी कुपोषित म्हणणार नाही.

माझा धाकटा भाऊ एका श्रीमंत देशात असतो. भाचा माझ्या मुलीपेक्षा फक्त महिन्याने मोठा, पण उंची ९१ सेंमी. त्याच्या डॉक्टरांनी उलटंच सांगितलंय, वजन फार भराभर वाढतंय, गोड पेयं बंद करा. सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात सगळे बुटकेच, तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे तक्ते श्रीमंत देशांतल्या मुलांवरून केलेत का? तसं असेल तर आपल्यासारख्या देशांना वेगळा तक्ता असायला नको का? आणि उंची खरंच कमी असेल तर आता काही करता येतं का?

निवांत_वाचक

सासूबाईंचं बरोबर आहे. माझी दोन्ही मुलं अशीच होती, आता ठणठणीत आहेत. ते तक्ते अमेरिकन बाळांवरून बनवलेले आहेत, ती बाळं डब्याच्या दुधावर वाढलेली. त्यांच्याशी आपली तुलना कशाला? मूल हसतंय, खेळतंय, बास.

आहारताई

ताई, आधी तुमच्या आकड्यांकडे बघते. मी बरीच वर्षं कुपोषित मुलांच्या वॉर्डात आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं आहे आणि मोजमापाचा हा घोळ मी पुष्कळ वेळा पाहिला आहे. दोन वर्षांच्या आतल्या मुलाची फळीवर झोपवून लांबी घेतात, त्यापुढच्या मुलाची उभं करून उंची घेतात. आडवं माप उभ्यापेक्षा साधारण ०.७ सेंमीने जास्त भरतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांत दोन वर्षांच्या टप्प्यावर दोन वेगळे आकडे आहेत. मुलींसाठी खालची सीमारेषा, म्हणजे उणे दोन एसडी (एसडी हे मधल्या रेषेपासून किती दूर ते सांगणारं माप), आडव्या मापात ८०.० सेंमी आहे आणि उभ्या मापात ७९.३. मुलीला उभं करून मोजलं आणि आकडा आडव्या तक्त्यात पाहिला, तर ती रेषेखाली जाते. उभ्या तक्त्यात पाहिला, तर ती रेषेच्या जरा वर आहे. पुढच्या वेळी गेलात की कोणता तक्ता वापरला ते विचारा.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. या वयाच्या मुलींची मधली रेषा उभ्या मापात ८५.७ आहे आणि तुमची लेक तिच्यापासून सहा सेंमी मागे आहे. पाव सेंमीने रेषेच्या वर असलं काय नि खाली असलं काय, शरीराच्या दृष्टीने सारखंच. जन्माची लांबी, सहा महिन्यांची, वर्षाची, अशी जी मापं कार्डावर असतील ती सगळी एका तक्त्यावर मांडा. मूल जन्मापासून खालच्याच एका रेषेला धरून वाढत असेल, तर ती त्याची चाल असू शकते. अगदी निरोगी मुलांतही शंभरातली दोन-तीन या रेषेखाली असतात. पण सहा महिन्यांपर्यंत मधल्या रेषेजवळ असलेलं मूल पुढच्या वर्ष-दीड वर्षात एकेक रेषा सोडत खाली आलं असेल, तर त्याला घराण्याचं कारण देऊन चालणार नाही.

ती गोल दिसते, तेही मला पटतं. १० किलो वजन तिच्या उंचीला अगदी योग्य आहे. रोडावलेलं मूल दिसताक्षणी कळतं, त्याला लोक डॉक्टरकडे नेतात. उंचीत मागे पडलेलं मूल मात्र कुणाच्या डोळ्यात भरत नाही. ते आपल्याहून चार-सहा महिन्यांनी लहान असलेल्या सुदृढ मुलासारखं दिसतं. आणि जिथे आसपासची बहुतेक मुलं तशीच असतात तिथे आईला संशय यावा तरी कसा?

आता तक्त्याचा प्रश्न. निवांत_वाचक, जुन्या तक्त्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. १९७७ चा तक्ता अमेरिकन मुलांचाच होता आणि त्यातल्या लहान बाळांची मापं बहुतांशी बाटलीच्या दुधावरच्या मुलांची होती. ही हरकत बरोबर होती म्हणून तर तो बदलला. १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणी मुलं मोजली: ब्राझीलमधलं पेलोटास, घानातलं आक्रा, दिल्ली, नॉर्वेतलं ऑस्लो, ओमानमधलं मस्कत आणि अमेरिकेतलं डेव्हिस. एकूण ८,४०० च्या वर मुलं. निवडताना अट एकच, वाढीला अडथळा नको. आई सिगारेट न ओढणारी, बाळाला अंगावरचं दूध, वेळेवर वरचं अन्न, लस आणि औषधोपचार, घरची स्थिती बरी. या मुलांच्या लांबीत जे काही कमी-जास्त होतं, त्यातला जेमतेम ३ टक्के वाटा शहराशहरांतल्या फरकाचा निघाला. ७० टक्के फरक एकाच शहरातल्या मुलामुलांमधला होता. म्हणजे आक्रा किंवा दिल्लीचं नीट जोपासलेलं मूल पाच वर्षांपर्यंत ऑस्लोच्या मुलाच्या बरोबरीने वाढतं. आज वापरतो ते २००६ चे तक्ते या अभ्यासातून आले आहेत.

आनुवंशिकता नसते असं मी म्हणत नाही. एकाच इमारतीतल्या दोन मुलांत ती भरपूर दिसते, आणि तुम्ही दोघं पती-पत्नी उंचीने लहान असाल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. पण देशादेशांतल्या लहान मुलांच्या उंचीत जी दरी आहे ती आनुवंशिकतेने फारशी समजत नाही. घराण्यात उंची उतरते तशी परिस्थितीही उतरते. जी मुलगी लहानपणी खुंटली, ती लहान चणीची आई होते, तिच्या बाळाचं वजन जन्मतःच कमी भरण्याचा धोका वाढतो, आणि तिसऱ्या पिढीत सगळे म्हणतात, आम्ही असेच.

वेगळ्या तक्त्याला माझा ठाम विरोध आहे. २०२२ च्या अंदाजानुसार जगात पाच वर्षांखालची १४ कोटी ८० लाख मुलं उंचीत खुंटलेली होती, जवळजवळ सगळी आशिया आणि आफ्रिकेतली. गरीब देशांना खालची रेषा आखून दिली की यांतली कित्येक मुलं कागदावर निरोगी होतील, आणि त्यांच्यासाठी मागायचं ते मागणंही सुटेल.

दरी कधी पडते, हे नीट ठाऊक आहे. थोडी पोटात असतानाच, आणि सर्वांत जास्त सहा महिने ते दोन वर्षं या काळात. सहा महिन्यांनंतर नुसतं आईचं दूध पुरत नाही, आणि बाळाचं पोट तर एवढंसं: किलोमागे साधारण ३० मिली. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी पाऊण-एक वाटी मावते. ती वाटी पातळ पेजेने भरली की पोट भरतं, पण वाढीला लागणारं त्यात फार थोडं असतं. ग्वाटेमालामध्ये १९६९ ते १९७७ दरम्यान दोन गावांत प्रथिनं असलेलं पेय दिलं आणि दोन गावांत नुसतं गोड पेय. प्रथिनांच्या गावांतली लहान मुलं जास्त उंच झालीच, पण ज्या मुलग्यांना ते पहिल्या दोन वर्षांत मिळालं होतं त्यांची मोठेपणी तासाची कमाई सरासरी ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. उंची हे वरचं चिन्ह आहे. आत मेंदू वाढत असतो, रोगांशी लढायची ताकद तयार होत असते, आणि आम्हाला खरी चिंता त्यांची वाटते.

दुसरं कारण आतड्यांचं. घाणेरड्या पाण्यातून, मातीतून पोटात सतत जंतू जात राहिले की जुलाब नसतानाही आतड्याचं अस्तर सुजतं, झिजतं, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेमध्ये मोठे प्रयोग झाले, २०१८-१९ मध्ये निष्कर्ष आले. घरोघरी साधे संडास, हात धुण्याची सोय, पाण्यात क्लोरीन एवढं देऊन मुलांची लांबी वाढली नाही. पूरक आहाराने थोडी वाढली. पुष्कळांनी यावरून स्वच्छतेचा उपयोग नाही असा अर्थ काढला. मला तो पटत नाही. श्रीमंत देशांत नळाला चोवीस तास शुद्ध पाणी आणि जमिनीखाली बंद गटारं आहेत, एक घर नव्हे तर सगळी वस्ती स्वच्छ आहे. त्याच्या मानाने घरामागचा एक खड्डा आणि साबणाची वडी फारच तुटपुंजी.

दूरदेशी_दिपा

मी एका विकसित देशात शाळांमधली आरोग्य परिचारिका आहे. ताईंच्या भाच्याबद्दल वाचलं म्हणून लिहिते. इथे मुलं जगण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. जपान, फिनलंडमध्ये पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण हजारी दोन-तीन. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ते हजारी ७० च्या आसपास आहे. पण चांगलं खाणं मात्र इथेही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. इंग्लंडमध्ये शाळेत सरसकट वजन-उंची घेतात, तिथे सर्वांत गरीब वस्त्यांतल्या मुलांमध्ये लठ्ठपणा सर्वांत सधन वस्त्यांच्या दुपटीहून जास्त आहे. माझ्या शाळेत जाड दिसणारी आणि तरी रक्तात लोह कमी असलेली मुलं आहेत. स्वस्त, गोड, तळलेलं, पाकीटबंद अन्न पोट भरतं, पण त्यात जीवनसत्त्वं, लोह, प्रथिनं फारशी नसतात.

आई-बापांना दोष देऊन इथे काही साधलेलं नाही. कायद्याने मात्र साधलं आहे. मेक्सिकोने २०१४ मध्ये गोड पेयांवर कर लावला, चिलीने २०१६ पासून जास्त साखर-मीठ-चरबीच्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले. ब्रिटनने २०१८ मध्ये साखरेच्या प्रमाणाप्रमाणे कर चढता ठेवला, तेव्हा कंपन्यांनी पेयांतली साखरच कमी केली. हीच पेयं, हीच पाकिटं आता गरीब देशांत शिरली आहेत. एका घरात खुंटलेलं बाळ आणि लठ्ठ आई, असं चित्र तिथेही दिसू लागलंय.

लेकीचीआई

आहारताई, कार्ड काढून बसले. जन्माला ४९ सेंमी, सहा महिन्यांना ६५. पुढची नोंद एकदम वर्षाची, ७०. म्हणजे तिथेच ती मागे पडली ना? त्या काळात तिला तीन-चारदा जुलाब झाले होते, दर वेळी आठवडाभर नुसती पातळ पेज दिली, घरात तसंच सांगतात. आता काय करू? उंची भरून येते का?

आहारताई

हो, तिथेच. ४९ आणि ६५ ही जवळजवळ मधल्या रेषेवरची मापं आहेत. वर्षाला मधली रेषा ७४ असते. म्हणजे घराणं हे कारण इथे बसत नाही. कार्ड बघितलंत हे फार बरं केलंत.

भरून येते का, तर काही अंशी. दोन वर्षांच्या आतली भरपाई सर्वांत सोपी असते, त्यानंतर अवघड जाते, पण दार बंद होत नाही. गांबियातल्या गावांत मुलांची वर्षानुवर्षं मोजणी झाली आहे. तिथे दोन वर्षांनंतर आणि पुन्हा वयात येताना मुलांनी मागे पडलेल्या उंचीपैकी काही कमावलेली दिसली.

रोज तिच्या ताटात प्राण्यांपासून मिळणारं काहीतरी असू द्या: अंडं, दूध-दही, मासे, मांस, तुमच्याकडे चालत असेल ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांसाठी हे रोज द्या असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि तुमच्या लेकीलाही ते लागू आहेच. जोडीला डाळी, भाज्या, फळं. जेवणात चमचाभर तेल किंवा तूप घाला, घट्ट जेवण द्या, पातळ नको. दिवसातून तीन-चार जेवणं आणि मध्ये एक-दोनदा खाणं. जेवणाच्या तासभर आधी बिस्किट, चहा, गोड पेय काही नको, भूक मरते. उंची वाढवणाऱ्या पावडरींचे डबे आणू नका. डब्याच्या मागे साखर किती लिहिली आहे ते वाचा, मग तुमचं तुम्हीच ठरवाल.

जुलाब झाले तर ओआरएस आणि डॉक्टरांना विचारून झिंक, १० ते १४ दिवस. जेवण कमी करायचं नाही, पाजत असाल तर अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. जुलाब थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. पेजेवर ठेवण्याची पद्धत फार जुनी आहे आणि ती सांगणारी माणसं मायेनेच सांगतात, पण आजारातून उठलेल्या बाळाला त्याच दिवसांत सर्वांत जास्त अन्न लागतं. सासूबाईंना कार्डावरचे ते दोन आकडे दाखवा. त्यांनी इतकी मुलं वाढवली आहेत, आकडे बघून त्यांच्या लगेच लक्षात येईल.

महिन्याने वजन घ्या, पण उंची तीन महिन्यांनी मोजा. या वयात मूल वर्षाला साधारण नऊ सेंमी वाढतं, महिन्यात पाऊण सेंमी. मोजण्यातली चूकच तेवढी असू शकते. बूट काढून, केस मोकळे करून, टाचा भिंतीला टेकवून, आणि शक्यतो तीच फळी. तीन महिन्यांत दोन सेंमीहून कमी वाढ झाली, तर बालरोगतज्ज्ञांना सांगून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सिलिअ‍ॅकची (गहू न सोसणाऱ्या आतड्याच्या आजाराची) तपासणी करून घ्या. तेव्हाचं माप इथे टाका, मी बघते.